दोन खोल्या, एक गव्हाण

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला, पहाटे पेठांतून बोचरा वारा सुटू लागला आणि पंचहौदाच्या देवळातील घंटांचा नाद थंड हवेतून अधिक स्वच्छ ऐकू येऊ लागला, की आमच्या घरात नाताळची चाहूल लागते. चाहूल प्रथम कोणाला लागते, याविषयी मात्र मतभेद आहेत. सौ.च्या मते ती तिला लागते. कारण मैदा, लोणी आणि नारळ यांच्या भावांची चिंता तिला करावयाची असते. आमच्या मते ती आमच्या मांजरांना लागते. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरली, की घरातील तिन्ही मांजरे तिच्याभोवती कडे करून बसतात. तिच्यात काय काय आहे हे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक असते, आणि त्यातील प्रत्येक वस्तूचे पुढे काय करावयाचे याचेही बेत त्यांचे ठरलेले असतात.

आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे. गुरुवार पेठेच्या आसपास जे जुने वाडे अद्यापि तग धरून उभे आहेत, त्यांपैकी एकाच्या पहिल्या मजल्यावर आम्ही राहतो. पुढची खोली दहा फूट बाय बारा, मागची त्याहून थोडी लहान, आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद बोळकांडी. तिला आम्ही कौतुकाने 'पॅसेज' म्हणतो. एवढ्या जागेत माणसे चार : आई, सौ., आमची कन्या आणि आम्ही. जनावरांची गणती एवढी सोपी नाही. मोत्या नावाचा गावठी कुत्रा. ठकी, तिची लेक चिमी आणि रावसाहेब या नावाने ओळखला जाणारा एक लठ्ठ बोका. पिंजऱ्यात बडजींची एक जोडी, जिला पुण्यात सगळे लव्हबर्ड म्हणतात. आणि काचेच्या टाकीत गप्पी मासे. माशांची संख्या कालची आज राहत नाही, म्हणून ती देत नाही. यांतले बडजी तेवढे आम्ही विकत घेतले. बाकी सारी मंडळी आपण होऊन आली आणि राहिली.

ज्यांच्या घरी दिवाणखाना, व्हरांडा आणि अंगण आहे, त्यांना नाताळची तयारी म्हणजे केवळ सजावट वाटत असेल. आमच्यासारख्यांना तो जागेचा हिशेब असतो. झाड उभे करावयाचे म्हणजे खुर्ची उचलावी लागते, खुर्ची उचलली की तिच्याखाली झोपणारा रावसाहेब बेघर होतो, तो पलंगावर गेला की आई खाली उतरते. एक वस्तू हलली की सबंध घर हलते. यंदा हा हिशेब नेहमीपेक्षा अवघड झाला, त्याची हकीकत पुढे येईलच. तूर्त तयारीची गोष्ट.

तयारीचा आरंभ साफसफाईपासून होतो आणि आमच्या घरी पहिला अपघातही तेथेच झाला होता. फार वर्षांपूर्वी, ठकीच्याही आधीच्या एका मांजरीच्या काळात, आम्ही ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवीत असू आणि फरशी फिनेलने धूत असू. दोन्ही गोष्टी मांजरांना घातक आहेत. मांजर ओल्या फरशीवरून चालते, मग एका जागी बसून पंजे चाटते, आणि फिनेलमधले फिनॉल पोटात जाते. ते पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार थोडी असते. त्या मांजरीच्या तोंडाला फेस आला, ती दोन दिवस निपचित पडून राहिली, आणि सुदैवाने वाचली. तेव्हापासून आमच्याकडे नाताळची फरशी साध्या साबणाच्या पाण्याने धुतली जाते, आणि डांबराच्या गोळ्यांची जागा कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याने घेतली आहे. घराला फिनेलचा वास नसेल तर सण आल्यासारखे वाटत नाही, अशी आईची तक्रार अजून आहे.

झाड म्हणजे सुरूची फांदी. अलीकडे कुंडीतली अरोकेरियाची रोपे मिळतात, ती दिसायला डौलदार असतात हे खरे. परंतु सुरूच्या बारीक, लोंबत्या पानांत जो एक ओलसर हिरवा वास असतो तो त्यांना नाही. फांदी वाळू भरलेल्या डब्यात रोवायची आणि तिचा शेंडा सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून टाकायचा. ही सुतळी विसरू नये. चिमी एका उडीत झाडाच्या मध्यावर जाते, आणि तिच्यासकट सबंध झाड कलंडताना आम्ही एकदा पाहिले आहे. काचेचे गोळे वरच्या भागात, खाली कन्येने केलेली कागदाची व कापडाची खेळणी. विजेच्या माळेची वायर भिंतीलगत पट्टीखालून न्यायची, आणि घरात कोणी नसताना माळ बंद ठेवायची.

चमकीच्या झिरमिळ्या मात्र आमच्या झाडावर 2016 पासून नाहीत. त्या वर्षी ठकीने एक झिरमिळी गिळली. आम्हांला पत्ता नव्हता. दोन दिवस ती ओकत राहिली, आम्ही समजलो थंडी बाधली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या जिभेखाली अडकलेले चमकीचे टोक दाखवले. आम्ही ते ओढू जात होतो. त्यांनी हात धरला. दोऱ्यासारखी वस्तू एका टोकाला अडकली आणि दुसरे टोक आतड्यात उतरले, की आतडे तिच्याभोवती गोळा होते. नेफ्यात नाडी ओढली की लेंग्याच्या चुण्या पडतात ना, तसे, असे ते म्हणाले. अशा वेळी दोरा ओढला तर आतडे कापले जाते. ठकीचे पोट उघडून वीत-दीड वीत चमकी काढावी लागली. त्या नाताळात ती गळ्याभोवती प्लॅस्टिकचे शंकू बांधून घरभर हिंडत होती, आणि भेटीस येणारी लहान मुले तिला झाडावरची घंटा समजत होती. आज ती हकीकत हसून सांगता येते, एवढेच.

फुलांच्या बाबतीत लोकांत एक गैरसमज फार पसरलेला आहे. नाताळात ज्याची पाने लाल होतात त्या पॉइन्सेटियाला सगळे घाबरतात. ते मूळचे मेक्सिकोचे झाड. दिवस लहान झाले की त्याची वरची पाने रंगतात आणि आपण त्यांनाच फूल समजतो. त्याच्या चिकाने मांजराच्या तोंडाची आग होईल, एखादी उलटी होईल. त्यापलीकडे सहसा काही होत नाही. खरे भय आहे ते पांढऱ्या शुभ्र, सुवासिक लिलीचे. बाजारात नाताळच्या सुमारास तिच्या जुड्या येतात आणि वेदीच्या सजावटीत ती शोभूनही दिसते. पण मांजराने तिचे पान चावले, अंगाला लागलेला पराग चाटून घेतला, किंवा फुलदाणीतले पाणी प्याले, तरी दोन-तीन दिवसांत त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कुत्र्यांना तिची तशी बाधा होत नाही, मांजरांनाच होते. लिली देवळात शोभते, तेथेच असावी. आमच्याकडे निशिगंध आणि शेवंती.

आता फराळाकडे वळू. मराठी ख्रिस्ती घरांतील नाताळचा फराळ दिवाळीच्या फराळाचा सख्खा भाऊ आहे. करंज्या, शेव, चिवडा, शंकरपाळे हे सारे दोन्हीकडे. त्यांत आमची भर कुलकुलांची आणि केकची. कुलकुले करण्यास चार हात लागतात. मैद्यात नारळाचे दूध, लोणी आणि साखर घालून भिजवलेल्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळवायची, की शिंपल्यासारखी रेघारेघांची गुंडाळी तयार होते. शेजारच्या काकू दरवर्षी दुपारची भांडी आवरून येतात आणि आईसमोर पाट घेऊन बसतात. गेल्या पन्नास वर्षांत दोघींचे ज्या ज्या कारणावरून वाजले ते सारे विषय त्या दुपारी पुन्हा निघतात. दिवाळीत काकूंच्या घरून आमच्याकडे ताट येते, नाताळात ते ताट भरून परत जाते. रिकामे ताट परत करू नये हा नियम दोन्ही घरांचा एकच असल्यामुळे, मूळ ताट कोणाचे याचा उलगडा आता होणे नाही.

तळणाच्या दिवशी पिंजरा मागच्या खोलीत जातो. तेलाचा धूर पाखरांच्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि नॉनस्टिकचे भांडे कोरडे तापले तर त्यातून निघणारा वायू काही मिनिटांत त्यांचा जीव घेतो. आमच्याकडे लोखंडी कढई आहे, पण धूर तो धूरच.

केकच्या बाबतीत आम्ही अपराधी आहोत. बेदाणे, मनुका, संत्र्याची साल, चेरी हे सारे रममध्ये भिजत घालण्याची रीत आपल्याकडेही आता रुळलेली आहे. 2022 च्या नाताळाआधी ती बरणी सौ.ने ओट्यावर ठेवली होती. आम्ही झाकण उघडून एक बेदाणा तोंडात टाकला आणि झाकण सैल ठेवून बाहेर पडलो. परत आलो तेव्हा बरणी खाली फुटलेली, आणि मोत्या काचा चुकवून शेवटचे बेदाणे चाटत होता. आम्हांला प्रथम हसू आले, दारू प्यायलेला कुत्रा म्हणून. रात्री तो ओकू लागला, सकाळी उठेना. डॉक्टरांनी विचारले, "बेदाणे किती?" रमविषयी त्यांनी नंतर विचारले. द्राक्षे, बेदाणे, मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला विष ठरतात, हे आम्हांला तेव्हा प्रथम कळले. असे का होते हे कित्येक वर्षे पशुवैद्यांनाही कळले नव्हते. 2021 साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले. तेच आम्ल आपल्या चिंचेतही असते. म्हणजे ज्या आमटीत कालवलेला भात आम्ही इतकी वर्षे मोत्याच्या ताटलीत प्रेमाने घालीत होतो, तीही निर्दोष नव्हती. तीन दिवस त्याला सलाइन लावून ठेवले होते. नाताळच्या सकाळी आम्ही देवळातून थेट दवाखान्यात गेलो. तो वाचला, पण त्याची मूत्रपिंडे तेव्हापासून अधू आहेत. डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य, औषध आणि ठराविक पाणी, हे आता रोजचे झाले आहे.

चॉकलेट, कांदा-लसणाचा रस्सा, शिजवलेल्या कोंबडीची हाडे यांविषयीही हेच सांगता येईल. कच्ची हाडे चावून मोडतात, शिजवलेल्या हाडांच्या सुया होतात. पाहुण्यांना हे समजावणे अवघड जाते. सणाच्या दिवशी मुक्या जीवाला दोन घास घातल्याने पुण्यच लागणार, असे त्यांना वाटते.

एवढ्या तयारीनंतर उरते ती गव्हाण. आमच्या नाताळाचे ते हृदय, आणि यंदाच्या भांडणाचे मूळ.

गव्हाणीच्या देखाव्याची परंपरा आठशे वर्षांची आहे. इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावी 1223 साली असिसीचे संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री एका गुहेत खरी गव्हाण मांडली. तीत खरे गवत घातले, आणि एक बैल व एक गाढव आणून उभे केले. मूर्ती नव्हत्या, मरिया-योसेफाची सोंगेही नव्हती. गव्हाण, गवत आणि दोन जनावरे, आणि भोवती मशाली घेतलेले गावकरी. फ्रान्सिसांचे पहिले चरित्रकार थॉमस यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्या गव्हाणीतले गवत लोकांनी पुढे जपून ठेवले आणि आजारी गुरांना ते औषध म्हणून घातले, असेही ते सांगतात. त्यांच्याच दुसऱ्या चरित्रग्रंथात आमच्या घरास विशेष प्रिय असलेली एक गोष्ट आहे. फ्रान्सिस म्हणत की, आपली सम्राटाशी भेट झाली तर आपण त्याच्याकडून एक कायदा करवून घेऊ : नाताळच्या दिवशी लोकांनी पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य पसरावे, आणि बैलांना व गाढवांना नेहमीपेक्षा अधिक वैरण घालावी. सम्राटाची भेट काही झाली नाही. आई मात्र नाताळच्या सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर मूठभर ज्वारी टाकते. ती बहुतेक सारी कबुतरे खातात आणि वाड्यातले इतर भाडेकरू नाराज होतात.

यातील गंमत अशी की, लूकच्या शुभवर्तमानात बैल आणि गाढव यांचा उल्लेखच नाही. तेथे आहे ती केवळ गव्हाण. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण ओळखते, अशा अर्थाचे यशया संदेष्ट्याचे वचन आहे, त्यावरून ही जोडी पुढच्या काळात गव्हाणीपाशी येऊन उभी राहिली. दुसरी एक गोष्ट बायबलचे काही अभ्यासक सांगतात. उतारशाळेत जागा नव्हती, असे आपण वाचतो. परंतु लूकने तेथे योजलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. शेवटच्या भोजनाच्या माडीवरच्या खोलीसाठी त्याने तोच शब्द वापरला आहे, आणि दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील धर्मशाळेसाठी मात्र वेगळा. त्या काळच्या पॅलेस्टाइनमधील गरिबाचे घर बहुधा एका खोलीचे असे. एका अंगाला थोड्या सखल भागात रात्री जनावरे बांधीत, आणि वरच्या भागात माणसे निजत. गव्हाण दोहोंच्या सीमेवर. पाहुण्यांच्या खोलीत आधीच कोणी उतरलेले, म्हणून बाळाला घरातल्याच गव्हाणीत ठेवले असेल, असे हे अभ्यासक मानतात. ज्यांनी आपल्याकडची जुनी घरे पाहिली आहेत, पडवीत गोठा आणि उंबऱ्याच्या आत माणसे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. आम्हांला तर ते फारच ओळखीचे वाटले. आम्ही हे आईला वाचून दाखविले, तेव्हा ती म्हणाली, "मग एवढी माणसं होती घरात, तर बाळंतिणीचं कोणी केलं ते का नाही लिहिलं?"

आई या घरात सून म्हणून आली 1968 साली, आणि तेव्हापासून गव्हाण मांडण्याचे काम तिचे आहे. जागाही तीच : पुढच्या खोलीतील खिडकीखालचा कोपरा. मूर्ती तिच्या सासूच्या, प्लॅस्टरच्या. बैलाचे एक शिंग मोडले आहे, आणि गाढवाचा कान मोत्याने खाल्ला आहे. 2011 च्या पावसाळ्यात पिल्लू म्हणून तो घरात आला आणि त्याच नाताळात त्याने तो पराक्रम केला. वाड्याच्या मागे तबेला होता तोवर पेंढा फुकट मिळत असे, आता विकत आणावा लागतो. दहा-बारा दिवस आधी ताटल्यांत गहू पेरायचे. सणापर्यंत ते वीतभर वाढतात, आणि गव्हाणीभोवती शेते उभी राहतात. या शेतांवर तिन्ही मांजरे चरतात. गव्हाचे कोंभ त्यांना बाधत नाहीत, उलट त्यांच्या पोटाला बरेच असतात, म्हणून आम्ही चार ताटल्या अधिक पेरतो. आरशाचा तुकडा ठेवून तळे, काड्यांचा पूल, चुन्याचा रस्ता, डोंगरामागून येणारे तीन ज्ञानी. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा तो सारा मुलूख.

आणि त्याच कोपऱ्यात मोत्या झोपतो.

तो तरुण होता तेव्हा अडचण नव्हती. पंधरा दिवस त्याची गोधडी पलंगाखाली जाई आणि तोही निमूटपणे जाई. आता तो चौदा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत सारा उतरू लागला आणि गेल्या वर्षी दिसणे पार थांबले. आंधळा कुत्रा घरात कसा वावरतो हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक असेल. तो घर पाठ करतो. दारापासून चार पावले सरळ, मग पलंगाचा पाय, तेथून डावीकडे आपला कोपरा. गेल्या नाताळात आम्ही नेहमीप्रमाणे त्याची गोधडी हलविली आणि त्याच्या जागी गव्हाण मांडली. त्या रात्री तो झोपला नाही. खोलीच्या मध्यावर उभा राहिला, पाच पावले चालून गव्हाणीवर आदळला, पुन्हा मध्यावर येऊन उभा राहिला. थंडी दहा अंशांच्या खाली गेली होती आणि त्याचे मागचे पाय लटपटत होते. तिसऱ्या रात्री तो पेंढ्यात शिरला, तळ्याचा आरसा फुटला, आणि त्याने मेंढपाळांच्या अंगावर लघवी केली. आई काही बोलली नाही. पहाटे उठून तिने मूर्ती धुतल्या, ओला पेंढा बाहेर टाकला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. ते रागाचे की कशाचे, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

त्यामुळे यंदा आगमनकालाचा पहिला रविवार झाला, आणि घरात हा विषय निघाला. आमच्या थोरल्या भगिनीने सुचविले की, आठ-दहा दिवस मोत्याला शहराबाहेर, कुत्री ठेवून घेतात तेथे ठेवावे. तेथे गाद्या असतात, डॉक्टरही येतात. सल्ला वाईट नव्हता. आम्ही चौकशीही केली, दर विचारले, जागाही होती. कन्येने दोन दिवस आमच्याशी अबोला धरला. सौ. म्हणाली, "ज्याला घराचा कोपरासुद्धा चाचपडावा लागतो, तो तिथे काय करील?" आणि डॉक्टरांनी त्याच्या मूत्रपिंडांचे ताजे आकडे पाहून जे सांगितले, त्यानंतर पुढच्या नाताळापर्यंतचा हिशेब मांडण्यात अर्थ नव्हता. दुसरीकडे आई. सत्तावन्न वर्षे ज्या जागी गव्हाण मांडली ती जागा, आणि तिचेही वय आता ऐंशीच्या घरात. पुढच्या नाताळाचा हिशेब तिच्या बाबतीतही कोणी उघडपणे मांडीत नाही. कुत्र्यासाठी आईला गप्प बसवायचे, की आईसाठी कुत्र्याला बाहेर काढायचे, या विचारात आम्ही आठवडा घालविला आणि कोणताच निर्णय घेतला नाही. आम्ही असे निर्णय नेहमीच लांबणीवर टाकतो.

एका दुपारी परत आलो तेव्हा आई हातात शिवणाची टेप घेऊन कोपऱ्यात बसली होती. मोत्या झोपलेला, आणि ती त्याच्या पाठीपासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंतची उंची मोजीत होती. "जुनं शिवणयंत्र काढलंस तर त्याचं मेज राहतं का इथे, बघ," ती म्हणाली. त्यापूर्वी तिने काय विचार केला, केव्हा केला, हे तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. मेज राहिले. मोत्याच्या डोक्यावर दीड फूट मोकळे सोडून गव्हाणीला साडेतीन फूट बाय दीड फूट जागा मिळाली.

सारा मुलूख त्यावर मावला नाही, हे सांगितले पाहिजे. तळे गेले. पूल गेला. डोंगर अर्धा झाला आणि ज्ञानी राजांना पुस्तकांच्या फळीवरून, शब्दकोशाच्या बाजूने प्रवास करावा लागत आहे. आईला तळे गेल्याचे फार वाईट वाटले. आरशाखाली निळा कागद लावून, कडेने वाळू पसरून ते करण्यात तिची सारी हौस होती. तिने नवा आरसा दिवाळीतच आणून ठेवला होता. तो आता तिच्या पलंगाशेजारी भिंतीला टेकून उभा आहे, आणि रावसाहेब त्यात स्वतःकडे पाहत बसतात. पेंढ्याचा भुसा खाली मोत्याच्या अंगावर पडू नये म्हणून तिने मेजाला जुन्या साडीची झालर शिवली आहे. त्यामुळे खालच्या कोपऱ्याला ऊबही राहते. तिने आजवर मोत्याला कधी जवळ घेतलेले नाही आणि अजूनही घेत नाही. "केस लागतात," असे तिचे म्हणणे.

थंडीची बाकीची तजवीज नेहमीची. पिंजऱ्यावर रात्री तीन बाजूंनी चादर, चौथी बाजू हवेसाठी उघडी. माशांच्या टाकीत हीटर, आणि खाणे थोडे कमी. मोत्याच्या गोधडीखाली पोत्याचा तुकडा, म्हणजे फरशीचा गारवा वर येत नाही. दुपारी बाराच्या उन्हात त्याला जिन्याखाली उचलून न्यायचे. वाड्यातील स्कूटरी आणि मोटारी सकाळी चालू करण्याआधी बॉनेटवर थाप मारावी, अशी सूचना आम्ही दरवाज्यावर चिकटवली आहे. रात्री बाहेरची मांजरे इंजिनाच्या उबेला आत शिरतात.

या ओळी लिहीत असता केकचे दोन पत्रे भट्टीवरून यावयाचे आहेत. बेदाण्यांची बरणी यंदा कपाटात होती आणि कपाटाची किल्ली सौ.च्या कमरेला. ताऱ्याचा कंदील गॅलरीत लागला आहे. गायकमंडळी परवा रात्री येऊन गेली. त्यांच्या ढोलकीने मोत्या पूर्वी वाड्याला जागे करीत असे. या वेळी त्याने डोके उचलले, आवाजाच्या दिशेने कान वळविले आणि पुन्हा गोधडीत नाक खुपसले. गहू चार बोटे वर आले आहेत, चिमीने एका ताटलीची कापणीही केली आहे.

गव्हाण मात्र रिकामी आहे. बाळ येशूची मूर्ती आईच्या ट्रंकेत, कापसात गुंडाळलेली, चोवीस तारखेच्या रात्री देवळातून परत येईपर्यंत बाहेर निघावयाची नाही. तोवर ती जागा राखून ठेवावी असा आईचा कटाक्ष आहे. आत्ता तेथे ठकी झोपली आहे. तिला दोनदा उचलून खाली ठेवले आणि दोन्ही वेळा ती परत गेली. तिसऱ्यांदा आम्ही हात पुढे केला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू दे आता. आणखी दोन रात्री आहेत."